बरोबर कोण हाय?

सकाळी सहाला आमच्या दाराची कडी वाजली, की दूधवाला आलाय की अण्णा, हे मला अंथरुणातच कळतं. दूधवाला एकदा वाजवतो. अण्णा दोनदा वाजवतात. एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. हाताला डबल बेलशिवाय दुसरं वळणच नाही. मी दार उघडतो. अण्णांच्या हातात बुटाचं खोकं असतं, खोक्याला भोकं असतात आणि एखाद्या भोकातून कुणीतरी माझ्याकडं बघत असतं.

“सर, ड्रॉपर हाय का?”

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळं ड्रॉपर, भिंग, थर्मामीटर आणि समस्त प्राणिमात्रांचं शेवटचं ज्ञान माझ्या घरात चोवीस तास मिळतं, अशी त्यांची ठाम समजूत. ड्रॉपर मी देतो. ज्ञानाचं काय झालं, ते पुढं येईलच.

वसंत म्हणजे मोहर, कोकिळा आणि मंद वारा, असं पुस्तकात असतं. आमच्या वडूजला तो जरा निराळा येतो. येरळेचं पात्र पांढरं पडतं, शाळूची काढणी सुरू होते, लिंबाचा कडू-गोड वास सुटतो आणि दुपारी डांबर चपलेला धरतं. त्याच दिवसांत सगळं शिवार बाळंत होतं. पिंगळ्याची पिल्लं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात, खारीचं घरटं वाऱ्यानं खाली येतं, टिटवी उघड्या रानात अंडी घालून माणसांवर ओरडत सुटते, आणि शाळूच्या ताटांत सशीण पिल्लं ठेवते. इतरांसाठी हा सुगीचा हंगाम. अण्णांसाठी जादा गाड्यांचा.

अण्णा दिसायला साधेच. खाकी पँट अजून तीच, वर पांढरा सदरा. खांद्याला कातडी पिशवी. निवृत्त होताना जुनी पिशवी जमा करावी लागली, तेव्हा घरी येऊन दोन दिवस ते एका अंगानं कलल्यासारखे चालत होते. मग चांभाराकडून त्यांनी तसलीच नवी शिवून घेतली. आता त्यात सुट्ट्या पैशांऐवजी कापूस, ड्रॉपर, गव्हाचा कोंडा आणि एक रिकामी काडेपेटी असते. काडेपेटीत नाकतोडे. पेठेत कुणी नवे बूट घेताना दिसला, की अण्णा दुकानाच्या पायरीवर थांबतात. गिऱ्हाइकानं बूट घातले, की म्हणतात, “खोकं ऱ्हाऊ द्या हितंच.” 

खोक्यावर ते पेनानं नोंद करतात. कुठून : लिंबाखाली, पाण्याच्या टाकीजवळ. वेळ : दुपारी दोन. प्रवासी : १, अर्धं.

मराठीनं पिल्लांना किती निगुतीनं नावं दिलीत! गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, हरणाचं पाडस, वाघिणीचा बछडा. अण्णांनी ही सगळी तिकिटं रद्द केली आणि एकच काढलं : ‘लेकरू’. खारीचं लेकरू, मुंगसाचं लेकरू, पालीचंसुद्धा लेकरू. आणि लेकरू एकटं दिसलं, म्हणजे ते अनाथच. यात चौकशीला जागा नाही.

एकदा त्यांनी पिंगळ्याचं पिल्लू आणलं. मुठीएवढं अंग आणि त्यात अर्धे डोळेच. अण्णांनी दुधात भाकरी कुस्करून पुढं ठेवली. पिल्लानं भाकरीकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, मग मान खाली-वर करून पुन्हा अण्णांकडं बघितलं.

“चेकर चढल्यावानी बघतंय तुमच्याकडं,” अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या.

पिंगळ्याला किडे, पाली, उंदराची पिल्लं लागतात, हे मी सांगितलं. मग आठ दिवस अण्णा रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली टॉर्च घेऊन नाकतोडे धरत होते. गल्लीतली पोरंही लागली. आईबापांनी परीक्षेचं कारण काढून पोरं आत ओढली, पण अण्णांचा अभ्यास चालूच राहिला. गंमत म्हणजे ज्या लिंबाखालून ते पिल्लू उचललं, त्याच्या ढोलीत त्याचे आईबाप रोज संध्याकाळी तोंडात किडा धरून वाट बघत असत. ते कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या नजरा खाली, टॉर्चच्या उजेडात.

इथं मला माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. पक्ष्याच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला घेत नाही, असं मी पंधरा वर्षं वर्गात सांगत आलो. मला माझ्या गुरुजींनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या. “सर, तुम्हीच सांगितलंय, आता हात लागला. परत ठिवून उपेग काय?” असं म्हणून अण्णा प्रत्येक पिल्लू कायमचं ठेवून घेत. शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी मला एका लग्नाच्या पंगतीत गाठलं. म्हणाले, “सर, असं काही नसतं. पाखरू वासासाठी पोटचं पिल्लू टाकत नाही. घरटं सापडलं तर उचलून आत ठेवायचं आणि लांब व्हायचं.” वर आणखी म्हणाले, “आणि त्यांना सांगा, पाखराच्या तोंडात ड्रॉपरनं पाणी सोडू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. पाणी सरळ छातीत जातं.” मी जिलेबी तशीच ठेवली. तो ड्रॉपर माझा होता.

मग कावळ्याचं प्रकरण. वळवाच्या वाऱ्यानंतर अण्णांनी कावळ्याचं म्हणून एक पिल्लू उचललं. त्या क्षणापासून पेठेतले कावळे अण्णांच्या डोक्यावर तुटून पडले. अण्णा घराबाहेर पडले की तारेवरून आरोळी जाई आणि एसटी स्टँडपर्यंत साखळी लागे. मी त्यांना सांगितलं, की अमेरिकेत सिअॅटलला जॉन मार्झलफ नावाच्या संशोधकानं २००६ साली मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे अंगावर येत. कावळा चेहरा विसरत नाही. अण्णांनी यातून आपल्या सोयीचं तेवढं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जत्रेतला वाघाचा मुखवटा घालून दूध आणायला निघाले. कावळ्यांनी ओळखलं नाही. गल्लीतल्या कुत्र्यांनीही ओळखलं नाही. दूध त्या दिवशी आलं नाही.

पंधरवड्यानं पिल्लानं तोंड उघडलं आणि ते कोकिळाचं निघालं. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात, आणि कावळे आपलंच समजून वाढवतात. म्हणजे आईनं सोपवलेलं, पाळणाऱ्यांनी सांभाळलेलं, असं चांगलं दोन-दोन घरचं पोर अण्णांनी अनाथ म्हणून उचललं होतं.

पण अण्णांची खरी फजिती केली टिटवीनं. टिटवीच्या अंड्यांवरून आमच्याकडं पावसाचा अंदाज बांधतात : बांधावर घातली तर पाऊस जोराचा, ओढ्याच्या पात्रात घातली तर वर्ष कोरडं. एका वर्षी ती कुठं घातलीत ते बघायला आम्ही दोघं शिवारात गेलो. ढेकळांत एक पिल्लू चपटं होऊन बसलेलं, ढेकळासारखंच. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघालं की थोड्या वेळात चालायला लागतं आणि आईनं इशारा दिला की जागच्या जागी गोठतं. अण्णा म्हणाले, “गेलं वाटतं बिचारं.” तेवढ्यात पलीकडं आई एक पंख जमिनीवर पसरून, लंगडत, फरफटत निघाली.

“अरारारा! आय बी जायबंदी हाय!”

मी अडवायच्या आत अण्णा पिशवी सावरत तिच्यामागं धावले. टिटवी दोन हात पुढं फरफटली; अण्णा दोन हात पुढं. ती थांबली, अण्णा उपरणं पसरून दबकत गेले. हाताला लागणार, एवढ्यात ती पुन्हा लंगडली. असं त्यांनी कापलेल्या गव्हाचं एक रान, हरभऱ्याचं एक रान आणि एक कोरडा पाट पार केला. पलीकडच्या बांधावर पोचल्यावर जायबंदी आईनं दोन्ही पंख नीट मिटले, अण्णांकडं बघून कडकडीत ओरडली आणि सरळ आभाळात गेली. अण्णा परत आले तेव्हा पिल्लू जागेवर नव्हतं. चपलेचा अंगठा तुटला होता.

“सर, तिनं मला लांबच्या मार्गानं फिरवून आणलं व्हय?”

“हो. पिल्लापासून तुम्हाला लांब न्यायला.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. एवढ्या वर्षांत विनातिकीट प्रवाशानंही त्यांना इतकं पळवलं नसेल.

आता कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर माणूस शहाणा होईल. पण वडूजच्या मातीचा गुण पुढं होण्याचा आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला इथं तहसील कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि नऊजण हुतात्मे झाले. ज्या गावाची पोरं ही गोष्ट ऐकत मोठी होतात, त्या गावात ‘तुम्ही जरा मागं सरा’ असं कुणाला सांगणं अवघड. तिथं हा ३१ वर्षं दुसऱ्यांना ‘मागं सरा’ सांगितलेला माणूस. स्वतः कधी सरलेला नाही.

फॉरेस्टचा गार्ड एकदा अण्णांच्या घरी येऊन बसला. चांगला मुलगा. म्हणाला, “अण्णा, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. खार असो की ससा, घरात ठेवता येत नाही.”

“ठेवलंय कुठं?” अण्णा म्हणाले. “मुक्कामी गाडी हाय. सकाळी सुटणार.”

गार्डनं चहा पिता पिता सांगितलं, की कराड-पाटणकडं, जुन्नरकडं ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात. पूर्वी लोक उचलून आणायचे. आता वनखातं तपासून, सुखरूप असतील तर त्याच फडात, त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतं, कॅमेरा लावतं आणि माणसं लांब नेतं. अंधार पडला की मादी येते आणि एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. “बिबट्याच्या पिल्लाला जर आम्ही न उचलता राहतो, तर तुम्ही खारीला...” अण्णांनी मान डोलावली. गार्ड गेल्यावर मला म्हणाले, “बिबट्याचं ठीक हाय. त्याची आय धडधाकट असती.”

आणि मग गेल्या फाल्गुनात सशाची पिल्लं आली.

शाळू उपटताना बायकांना दोन पिल्लं दिसली, आणि पहिला निरोप साहजिकच अण्णांना. मी डबल बेल ऐकून दार उघडलं तर खोक्यात दोन्ही अंगाला अंग लावून बसलेली. मातकट लव, पाठीला टेकलेले कान, डोळे टक्क उघडे, नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. रडणं नाही, धडपड नाही. अण्णांच्या मते हा दुःखाचा कळस. काकूंनी गाईचं दूध कोमट केलं. पिल्लांनी ओठ मिटून घेतले. पातळ आहे म्हणून म्हशीचं आणलं. एकानं दोन थेंब घेतले आणि तासाभरात त्याला ढाळ लागले. अण्णांचा चेहरा उतरला.

दुपारी आमच्या गल्लीतून एक म्हातारा धनगर चालला होता. मेंढरं नदीकडं, खांद्यावर घोंगडं, आणि घोंगड्याच्या खोळीत सकाळीच जन्मलेलं कोकरू. अण्णांना वाटलं, आपल्या पंथाचा माणूस भेटला. त्यांनी खोकं पुढं केलं. म्हाताऱ्यानं वाकून बघितलं आणि साधं विचारलं :

“ह्यास्नी आणलं. आन् ह्यांची आय कुठं सोडली?”

“आय न्हाईच वो. एकटीच हुती.”

“ससाची पोरं एकटीच असत्यात. ती दिसा पोरांजवळ बसली तर कोल्ह्याला पत्ता लागंल न्हवं? लांब बसती. अंधार पडला की येती, पाजती, जाती.” मग घोंगड्यातल्या कोकराकडं बोट करून म्हणाला, “ह्याची आय बगा, मागनं वरडत येतीया. म्हणून ह्याला घेतलंय.”

खरंच मागून एक मेंढी बें-बें करत येत होती. म्हातारा गेला. अण्णा खोकं घेऊन पायरीवर बसून राहिले. एवढा वेळ गप्प मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही ती पिल्लं घेऊन त्याच रानात गेलो. त्याच सरीत, ज्या ताटांच्या बुडख्यात सापडली होती तिथंच ठेवली. निम्मा शाळू अजून उभा होता. आम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूला, बांधाच्या आड जाऊन बसलो. दशमीचं चांदणं. लांबून होळीसाठी लाकडं चोरणाऱ्या पोरांचा गलका येत होता. अर्ध्या तासात अण्णा चारदा उठले. चारदा मी त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं.

मग ते आपणहून बोलायला लागले.

“नवीन हुतो नोकरीत. औंधला यमाईची यात्रा. गाडी गच्च. सुटायच्या टायमाला फलाटावर एक चार वर्साचं पोरगं रडताना दिसलं. विचारलं, गाव कुठलं? म्हणालं, वडूज. उचललं आन् गाडीत घातलं. म्हटलं, आय पुढच्या गाडीनं गेली आसंल, घरी पोच करतो. बेल दिली. हितं वडूजला आलो तर पोराचं कुणीच न्हाय. आय तिकडं औंधच्या स्टँडवर छाती पिटत. पाच पावलांवर पोरासाठी रेवड्या घेत हुती, सर. पाच पावलं.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या गाडीनं पोरगं घेऊन परत गेलो. त्या बाईनं माझ्या थोबाडीत दिली. आन् मग पायाबी पडली. त्या दिवसापास्नं पोरगं एकटं दिसलं की पयलं इचारायचो, बरोबर कोण हाय? आन् चुकल्यालं पोर जिथं गावलं तिथंच कंट्रोलरच्या खिडकीम्होरं बसवायचं. गाडीत घालायचं न्हाय. सगळ्या नव्या पोरांना हेच शिकवलं मी.” ते थांबले. “माणसाच्या पोराला इचारलं. ह्यास्नी इचारायचं ध्यानातच आलं न्हाय, बगा.”

आठ वाजून गेले असतील. उभ्या शाळूची एक पात हलली. वारा थांबलेला होता. मग चांदण्यात दोन लांब कान दिसले. सशीण थेट आली नाही. थोडी पुढं, मग थांबली, मग बाजूला, मग पुन्हा थांबली. पिल्लांपाशी आल्यावर मागच्या पायांवर जराशी उंच झाली. पिल्लं तिच्या पोटाखाली गेली. हे सगळं किती वेळ? चहा गाळून कपात ओतायला लागतो, त्याहून थोडं जास्त. मग ती एक लांब उडी मारून शाळूत गेली, आणि पिल्लं पुन्हा ढेकळं झाली.

अण्णांच्या तोंडातून शब्द आला नाही. त्यांनी हातातल्या रिकाम्या खोक्यावर बोटानं दोनदा टिचकी मारली. टण-टण.

घरी येईपर्यंत त्यांचा हिशेबी स्वभाव जागा झाला होता. “सर, आता बायकांचं बी अर्धंच तिकीट. म्हंजे आय अर्धी, पोरं दोन अर्धी. दीड तिकिटाची गाडी आज बघितली.”

त्या रात्रीपासून अण्णांनी नियम केले आणि पुठ्ठ्यावर लिहून दारात टांगले. पिल्लू दिसलं की आधी चार प्रश्न : रक्त आलंय का? अंग थंड पडलंय का? माश्या-मुंग्या लागल्यात का? मांजर-कुत्र्याच्या तोंडात गेलंय किंवा आई मेलेली दिसलीय का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तरच खोकं, मऊ फडकं, अंधार, ऊब. आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन. दूध नाही, पाणी नाही, फोटो नाही. चारही उत्तरं ‘नाही’ असतील, तर पिल्लू पंखानिशी असो वा लवेनिशी, लांबून बघायचं. मांजर मात्र घरात कोंडायचं. शेवटी मोठ्या अक्षरात : बरोबर कोण हाय?

खोक्यांची संख्या घटली. पेठेतले लोक बूट खोक्यासकट घरी न्यायला लागले. कावळ्यांचं वैर तेवढं चालू आहे, पण तो न्यायप्रविष्ट विषय आहे.

मात्र माणसाचा पिंड बदलत नाही, फक्त मार्ग बदलतो. पूर्वी अण्णा पिल्लं उचलायचे, आता कुणाला उचलू देत नाहीत. लिंबाखाली उडायला शिकणारं साळुंकीचं पिल्लू बसलं, की दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहतात आणि सायकली मागं लावतात. परवा जत्रेच्या दिवशी आमच्या दारात कुणाचं तरी दोन वर्षांचं पोरगं बसून रडत होतं. माझी बायको धावली, तर अण्णा समोरून गरजले, “वहिनी, हात लावू नका! लांबनं बगा! आय जवळच आसंल!” पोराची आई खरंच शेजारच्या दुकानातून बांगड्या भरून बाहेर आली. तिला एवढी माणसं आपल्या पोराला गोल करून लांबून का बघतायत, हे काही कळलं नाही.

काल सकाळी कडी वाजली. एकदाच. काकू होत्या, हातात रिकामं भांडं.

“सर, थोडं दूध मिळंल का? घरचं सगळं उतू गेलं.”

“अण्णा घरी नव्हते?”

“हुते की. चुलीम्होरंच बसले हुते. मी परसात हुते. म्हटलं, आवं, दूध वर येतंय, बघितलं का न्हाई? तर म्हंत्यात, बघतच हुतो की. हात न्हाई लावला.”